उघडं झाकण

आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर जिन्याखाली एक खोली होती. आत मोडकी बाकं, आरसे गेलेले जुने मायक्रोस्कोप, बंद पडलेला एक फ्रीज आणि कुठल्या तरी परीक्षेच्या कोऱ्या पुरवण्यांचे गठ्ठे. मी मुंबईतल्या एका विद्यापीठ आवारात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. विद्यार्थ्यांच्या नवोपक्रम कक्षाचं काम माझ्याकडे आलं तेव्हा मी पैशांच्या आधी ती खोली मागितली. सोबत एकच अट घातली, की दारावर कुठल्याही विभागाची पाटी लागणार नाही.

खोली रिकामी व्हायला सात आठवडे गेले. बाकं मोडकी असली तरी डेडस्टॉक रजिस्टरमध्ये ती जिवंत होती, आणि निर्लेखन, म्हणजे त्या रजिस्टरमधून रीतसर नाव कमी, झाल्याशिवाय त्यांना हात लावता येत नव्हता. ते झालं, तर किल्लीचा प्रश्न आला. किल्ली शिपायांकडे, आणि शिपाई साडेपाचला घरी जाणार. आमची मुलं मोकळी होतात तीच मुळी साडेपाचनंतर, कारण चार विभागांच्या वेळापत्रकांत सगळ्यांना एकत्र मोकळा असा एकही तास सोमवार ते शुक्रवार दिवसभरात नव्हता. मी ती वेळापत्रकं एका कागदावर रंगीत पेन्सिलींनी भरून पाहिली होती. शनिवारी दुपारची दोन ते तीन ही एकच चौकट पांढरी राहिली. शेवटी तीन किल्ल्या करून घेतल्या, एक वही ठेवली, आणि जो किल्ली नेईल त्याने नाव, वेळ आणि मोबाईल नंबर लिहायचा असं ठरलं. ही परवानगी मिळवण्यासाठी मी जितके अर्ज लिहिले तितके माझ्या पीएचडीच्या वेळीही लिहिले नव्हते. पण त्या वहीने जे काम केलं ते कुठल्याही व्याख्यानमालेने झालं नसतं, हे मी आजही कोणालाही ठासून सांगेन.

पहिल्या बैठकीला एकवीस जण आले. त्यातले चौदा अभियांत्रिकीचे. आपापल्या विभागाप्रमाणे घोळके करून बसले. प्रत्येकाकडे कल्पना तयार होती, आणि बहुतेक कल्पना म्हणजे एक ॲप होतं. मुलांचा यात दोष नाही. नवोपक्रम म्हटलं की त्यांच्या डोळ्यांसमोर हॅकेथॉन येतं. स्मार्ट इंडिया हॅकेथॉन २०१७ पासून सुरू आहे. सहा जणांचा संघ, त्यात किमान एक मुलगी हवीच, आणि सॉफ्टवेअरची अंतिम फेरी सलग ३६ तासांची. मला तो उपक्रम मनापासून आवडतो, त्यातून आमच्या कितीतरी लाजऱ्या मुलांना आत्मविश्वास मिळाला आहे. पण तिथे प्रश्न कुणीतरी लिहून दिलेला असतो. प्रश्न शोधायचा कसा, हे ३६ तासांत शिकता येत नाही.

म्हणून मी सगळ्यांना घरी पाठवलं आणि सांगितलं, पुढच्या शनिवारी उत्तर आणू नका. रोज येता-जाता दिसणारी, कोणाचं तरी नुकसान करणारी एक गोष्ट आणा.

पुढच्या शनिवारी अकराच आले. मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाचा एक मुलगा म्हणाला, लोकलच्या मालडब्यात मासळीच्या टोपल्यांतून पाणी गळतं, डबा निसरडा होतो, त्यावरून रोज भांडणं होतात. ते ऐकून बी.कॉम.ची एक मुलगी, जी तोवर एक शब्द बोलली नव्हती, म्हणाली, "पाणी म्हणजे बर्फच ना तो. पैसे देऊन घेतलेला. माझी आत्या मासे विकते. संध्याकाळी सहानंतर वाटे निम्म्या भावाला देते, नाहीतर फेकते."

खोलीत थोडा वेळ कोणीच काही बोललं नाही. मग एम.ए. समाजशास्त्राच्या मुलीने विचारलं, "निम्म्या भावाला कोण घेतं?" मेकॅनिकलच्या मुलाने विचारलं, "बर्फ किती घेतात?" मला विचारावंसं वाटलं, की त्या वेळी माशाचं तापमान किती असतं. एकाच वाक्यातून तिघांना तीन वेगळे प्रश्न सुचले, आणि तिन्हींची उत्तरं त्या आत्यांच्या मासळीच्या पाटीवर होती. आमचा विषय तिथे ठरला.

बाहेरगावच्या वाचकांसाठी मुंबईची एक अडचण सांगायला हवी. आमच्याकडे ज्ञानशाखा एका आवारात फारशा नांदत नाहीत, त्या रेल्वेच्या नकाशावर पसरलेल्या आहेत. विद्यापीठ १८५७ चं, फोर्टातलं, पण बहुतेक पदव्युत्तर विभाग कलिन्याला. कलेचं जे. जे. त्याच १८५७ सालचं, ते सीएसएमटीजवळ. कायद्याचं सरकारी महाविद्यालय १८५५ चं, चर्चगेटला. व्हीजेटीआय माटुंग्याला, वैद्यक परळला, समाजकार्य देवनारला, आयआयटी पवईला, आणि मत्स्यशिक्षणाची केंद्रीय संस्था १९६१ पासून वर्सोव्याच्या बाजूला. इथे दुसऱ्या शाखेच्या माणसाला भेटायचं तर आधी गाडी पकडावी लागते. तरी या शहराला असं काम नवीन नाही. १९३३ साली विद्यापीठाने रासायनिक तंत्रज्ञानाचा विभाग काढला, तो कापडगिरण्यांच्या शहरात, कापडाच्या रसायनशास्त्राची गरज ओळखून. माटुंग्याची आजची आयसीटी ती हीच. विद्यापीठाने बाजाराकडे पाहून अख्खा विभाग उभारला होता, हे मी मुलांना सांगितलं. त्यांना ते माहीत नव्हतं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते पाहून मला बरं वाटलं.

आमच्या गटात अखेर सात जण टिकले. मेकॅनिकलचे दोघे, इलेक्ट्रॉनिक्सची एक, माझ्या विभागातली एम.एस्सी.ची एक, समाजशास्त्राची एक, बी.कॉम.ची ती मुलगी, आणि चर्चगेटहून येणारा कायद्याचा एक विद्यार्थी. हा शेवटचा मेकॅनिकलच्या मुलाचा शाळेतला मित्र. त्याला आत घेण्यासाठी बाहेरच्या माणसाचा पास लागत असे, दर वेळी नवा.

उत्साहाच्या भरात मुलांनी ठरवलं, जूनमध्ये काम सुरू करू, सत्र नुकतंच सुरू होतं, अभ्यासाचा ताण नसतो. बी.कॉम.च्या मुलीने आत्याला फोन लावला आणि स्पीकर सुरू केला. आत्या म्हणाल्या, "जूनमध्ये या. मासा सोडून सगळं दाखवते." १ जून ते ३१ जुलै आपल्या किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना मासेमारीची बंदी असते, प्रजननाचा काळ म्हणून. तेव्हा बाजारात असते ती बरीचशी बर्फातली साठवणीची, सुकी किंवा खाडीतली मासळी. आमचं शैक्षणिक वर्ष आणि समुद्राचं वर्ष जुळत नव्हतं, आणि समुद्राला अर्ज करता येत नाही. नारळी पौर्णिमेपर्यंत थांबलो.

ते दोन महिने वाया गेले नाहीत. इलेक्ट्रॉनिक्सच्या मुलीने लॅमिंग्टन रोडवरून पाण्यात बुडणारे डीएस१८बी२० नावाचे तापमानाचे सेन्सर आणले, एकेक पेनाच्या टोपणाएवढा. अर्ध्या अंशाचा फरक पडू शकतो, म्हणून ते सगळे चुऱ्याच्या बर्फात बुडवून शून्यावर तपासून घेतले. या सेन्सरच्या खरेदीसाठी तीन दुकानांची दरपत्रकं मागितली गेली, रक्कम हजाराच्या आत असूनही. मुलीने पुन्हा एकदा लॅमिंग्टन रोड गाठला आणि तीन दरपत्रकं आणली. माझा राग त्या कागदांवर नव्हता. विसाव्या वर्षी स्वतःहून काही करू पाहणाऱ्या मुलीचा एक अख्खा दिवस आपण असा घालवतो, त्याचा होता. पुढच्या वेळेपासून छोट्या खर्चासाठी पाच हजारांची आगाऊ रक्कम माझ्या नावावर घेण्याची सोय मी मागून घेतली. इतर आवारांतल्या सहकाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे की पहिल्या दिवशी ही सोय मागा.

ऑगस्टअखेर एका पहाटे आम्ही पहिल्या लोकलने चर्चगेटला उतरून ससून डॉकला गेलो. १८७५ सालची ही गोदी मी मुंबईत जन्मून कधी आतून पाहिली नव्हती. अंधारात पिवळे दिवे, बोटींतून टोपल्या वर फेकणारे हात, लिलावाचा गलका, आणि पायाखाली बर्फाचं करकरणारं पाणी. आत्या भराभर पुढे, आम्ही मागे. बांगड्याची एक टोपली त्यांनी घेतली आणि तिथल्या तिथे आमच्या मुलीने सेन्सरचं टोक एका बांगड्याच्या तोंडातून पोटापर्यंत सरकवलं. आठ अंश. तिने वहीत लिहिलं, वेळ ५.२०.

बांगडा आम्ही मुद्दाम निवडला. पापलेट, बोंबील फार तर चवीला उतरतो, वास मारतो, गिऱ्हाईक नाक मुरडून निघून जातं. बांगड्याचं तसं नाही. त्याच्या मांसात हिस्टिडीन नावाचं अमिनो आम्ल भरपूर असतं, मासा गरम राहिला की काही जीवाणू त्याचं हिस्टामाईन करतात. ते साचलं की खाणाऱ्याचं तोंड लाल होतं, अंगावर पित्त उठतं, डोकं दुखतं. आणि हिस्टामाईन शिजवून जात नाही. कालवण कितीही उकळा. उपाय एकच, मासा पकडल्यापासून शिजेपर्यंत गार ठेवणं. आपल्या गरम पाण्यातल्या माशांची यात एक जमेची बाजू आहे. त्यांच्या अंगावरचे जीवाणूही उष्णतेला सरावलेले, त्यामुळे बर्फात ते लवकर थंडावतात, आणि नीट बर्फात ठेवलेला आपला मासा थंड समुद्रातल्या माशापेक्षा सहसा जास्त टिकतो. हे मी वर्गात दर वर्षी सांगत आले होते. पण "नीट बर्फात" या दोन शब्दांत एका बाईचा किती पैसा आणि किती कंबर जाते, ते त्या दिवशी दिसलं.

दिवसभर आम्ही आळीपाळीने आत्यांच्या पाटीजवळ बसलो. स्टेशनबाहेरचा बाजार, डोक्यावर निळी ताडपत्री. पाटीवर मांडलेल्या बांगड्यांचं तापमान साडेनऊला अकरा, बाराला सतरा, तीनला बावीस. मागे थर्माकोलच्या खोक्यातल्या माशाचं मात्र तीन-चारच.

मेकॅनिकलचे दोघे खोक्याच्या मागे लागले. एका फळ्यावर त्यांनी गणित मांडलं, आणि ते मला अजून पाठ आहे कारण ते सुंदर होतं. एक किलो बर्फ वितळताना ३३४ किलोज्यूल उष्णता खातो. एक इंच जाडीचं थर्माकोल, एक चौरस मीटर पृष्ठभाग, बाहेर ३२ अंश आणि आत शून्य, तर भिंतींतून तासाला जेमतेम अर्धा किलो बर्फ वितळेल. आठ तासांत चार किलो. पंधरा किलो मासा २८ अंशांवरून शून्यावर आणायला आणखी साडेचार. म्हणजे साडेआठ-नऊ किलो बर्फ पुरे. आत्या घेत होत्या वीस. मुलं आनंदली. खोकं चांगलं करू, चांगलं झाकण देऊ, बर्फ निम्म्यावर येईल.

समाजशास्त्राची मुलगी कोपऱ्यात आपली वही उघडून बसली होती. तिने दिवसभर पाच-पाच मिनिटांनी नोंद केली होती, त्यात एक रकाना "झाकण" असा होता. ती म्हणाली, "नऊ ते एकमध्ये झाकण एकदाही बंद नव्हतं."

"म्हणजे त्यांना सवय लावायला हवी," मेकॅनिकलचा मुलगा म्हणाला.

त्यावरून जे भांडण झालं ते मी मधे पडून थांबवलं नाही. ती म्हणाली, तुम्हाला माणूस गणितात बसवायचा आहे. तो म्हणाला, तू नुसती नोंदी करत बसशील आणि मासा कुजेल. दोघांचंही थोडं थोडं खरं होतं. दोन शनिवार ती आली नाही. किल्लीच्या वहीत तिचं नाव नाही, हे मी रोज पाहत होते.

मग मी एकच गोष्ट केली. कामं बदलली. पुढचे आठ दिवस मेकॅनिकलच्या मुलाने वही घेऊन पाटीजवळ बसायचं, आणि समाजशास्त्राच्या मुलीने माझ्या प्रयोगशाळेत येऊन माशांवरच्या जीवाणूंचे नमुने लावायचे. दोघांनीही नाक मुरडलं. दोघंही आली.

त्या मुलाने आत्यांना पहिल्याच दिवशी विचारलं, झाकण का लावत नाही. त्या म्हणाल्या, "झाकण लावून बसले तर गिऱ्हाईक कशाला थांबेल रे पोरा? मासा दिसायला पायजे." पण त्याच्या वहीत दुसरी एक ओळ होती, त्याची स्वतःची. पाटीवर एका वेळी आठ-दहा बांगडेच असतात, संपत आले की आत्या मागच्या खोक्यातून नवे काढतात, आणि काढताना खोक्याचं अख्खं तोंड उघडतात. दिवसातून चाळीसेक वेळा. मग शेवटी उघडंच टाकतात. साठवण आणि मांडणी ही दोन वेगळी कामं त्या आधीपासून वेगळी करत होत्या. फक्त दोन्हींच्या मधे दार नव्हतं.

प्रयोगशाळेत तोवर समाजशास्त्राची मुलगी पिपेट, म्हणजे थेंब मोजून घ्यायची नळी, धरायला शिकली. नमुना दहापट, शंभरपट, हजारपट पातळ करायचा, आगरच्या प्लेटवर पसरायचा, उबवणीला ठेवायचा आणि उगवलेले ठिपके मोजायचे. तिसऱ्या दिवशी तिने मला विचारलं, "मॅडम, आपण दर वेळी पाठीवरून नमुना का घेतो?" मी म्हटलं, जागा एकच असली की तुलना करता येते. ती म्हणाली, "पण गिऱ्हाईक पाठीला हात लावतच नाही. प्रत्येक जण कल्ला उचलून आत बघतो, बोट घालतो. एका बांगड्याचे कल्ले मी सकाळपासून नऊ जणांना उचलताना पाहिलेत."

माझी पंधरा वर्षं प्रयोगशाळेत गेली आहेत, आणि हे मला दिसलं नव्हतं. आम्ही त्या दिवसापासून कल्ल्यांखालूनही नमुने घेऊ लागलो. त्या प्लेटा पाठीवरच्या प्लेटांपेक्षा इतक्या गच्च भरल्या, की मोजण्यासाठी आणखी एक पायरी पातळ करावं लागलं. माझी एम.एस्सी.ची विद्यार्थिनी त्या प्लेटा उजेडात धरून बराच वेळ बघत राहिली. मग तिने समाजशास्त्राच्या मुलीकडे वळून विचारलं, "अजून काय काय लिहिलंयस त्या वहीत?"

यानंतर ती दोघं-तिघं वेगवेगळ्या विभागांची राहिली नाहीत असं मी म्हणणार नाही. राहिली, आणि राहायलाच हवीत. मेकॅनिकलच्या मुलाला मेकॅनिकल चांगलं येतं म्हणूनच पुढचं जमलं. फरक एवढाच पडला, की आता तो स्वतःहून विचारत असे, "हे तुझ्या वहीत कसं दिसतं?"

नव्या खोक्याचा पहिला नमुना आम्ही साकीनाक्याच्या एका गाळ्यात फायबरचा करून घेतला. दुहेरी भिंत, आत फोम, कडेने रबर. दिसायला देखणा. नुसतं खोकं नऊ किलो. मासा पंधरा, बर्फ नऊ, म्हणजे तेहतीस किलो, आणि वर वितळलेलं पाणी आतच. आत्यांनी ते उचलून पाहिलं, खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "हे डोक्यावर कोण देणार?" पाटी डोक्यावर चढवायला दुसरी बाई लागते, गाडी फलाटावर थांबते ती काही सेकंद. हे आम्ही पहाटे डॉकवरून येताना डोळ्यांनी पाहिलं होतं आणि तरी विसरलो होतो. गाळेवाल्याला दिलेल्या पैशांतलं काहीच परत मिळालं नाही.

दुसरा नमुना खोलीतच झाला, त्या बंद फ्रीजच्या पत्र्यातून. त्याचं निर्लेखन झालं होतं, म्हणून तो कापता आला. दोन सुटे भाग. खालचा साठवणीचा, हलका, पुढच्या बाजूला हात जाईल एवढंच सरकतं दार. वरचा मांडणीचा, उथळ, नागदेवी स्ट्रीटवरून आणलेल्या भोकांच्या स्टीलच्या पत्र्याचा, खाली बर्फाच्या चुऱ्याचा थर आणि पत्र्याला एका बाजूला उतार. पाणी एका नळीतून डब्यात. पाणी साचू न देणं महत्त्वाचं. वितळतं पाणी माशावरून वाहत गेलं तर त्याला गारही करतं आणि धुऊनही काढतं. पण तेच पाणी खाली साचून मासा त्यात बुडून राहिला, तर एकाची घाण सगळ्यांना लागते. आणि समाजशास्त्राच्या मुलीच्या आग्रहाने वरच्या भागावर पुढे एक बांगडा वेगळा ठेवायची जागा केली, कल्ला उचलून बघायचा तो हाच, बाकीच्यांना हात नाही. मला वाटलं होतं गिऱ्हाईक ऐकणार नाही. आत्यांनी दोन दिवसांत सगळ्यांना ऐकायला लावलं.

पाच रविवार मोजमाप केलं. पाटीवरचा मासा दुपारी बारालाही सहा-सात अंशांच्या वर गेला नाही. बर्फ वीसवरून तेरा-चौदा किलोवर आला. गणितातल्या नऊवर तो कधीच आला नाही, आणि मेकॅनिकलच्या मुलाने अहवालात ते तसंच लिहिलं. बी.कॉम.च्या मुलीने हिशेब मांडला. बर्फात वाचलेल्या पैशांपेक्षा संध्याकाळी निम्म्या भावाला न द्याव्या लागलेल्या वाट्यांचे पैसे जास्त होते. आम्ही सगळे बर्फाकडे बघत होतो, फायदा संध्याकाळच्या भावात होता. हे तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते, कारण तिथे सांगण्यासारखं थोडंच आहे पण ते अडतं फार. नवीन शैक्षणिक धोरणाने क्षेत्रकार्याला आणि समाजाशी जोडलेल्या प्रकल्पांना श्रेयांकांत जागा दिली आहे, आणि ही मला फार मोलाची गोष्ट वाटते. पण चार विभागांचे चार नमुना अर्ज, प्रत्येकावर मार्गदर्शकाच्या सहीची एकच ओळ. समाजशास्त्राच्या मुलीने पिपेट धरली ते तास कोणत्या विभागाने मोजायचे, याचा निर्णय सत्र संपायच्या आठवड्यात झाला. आविष्कार संशोधन स्पर्धेचंही तसंच. राज्यपाल कार्यालयाच्या पुढाकाराने २००६ पासून चालणारी ही स्पर्धा राज्यातल्या कितीतरी मुलांसाठी संशोधनाचं पहिलं दार ठरली आहे. तिथे सहा गट आहेत आणि अर्जात त्यातला एकच भरायचा. मानव्यविद्या, वाणिज्य आणि विधी, विज्ञान, कृषी, अभियांत्रिकी, वैद्यक. आमचं पोस्टर यातल्या चार गटांत बसत होतं. मुलांनी मतदान घेतलं. विज्ञान जिंकलं, तीन विरुद्ध चार.

कायद्याचा विद्यार्थी तोवर फारसा बोलत नसे. पोस्टरच्या आदल्या आठवड्यात मेकॅनिकलच्या दोघांनी पेटंटचा विषय काढला. त्यांचं बरोबरच होतं. लोकांसमोर मांडण्याआधी अर्ज करावा लागतो, नंतर केला तर नावीन्य संपलं असं धरतात. तात्पुरता मसुदा दाखल केला की पूर्ण तपशील द्यायला १२ महिने मिळतात, २०२१ पासून शिक्षणसंस्थांना शुल्कात ८० टक्के सूटही आहे, आणि पेटंट कार्यालय तर अँटॉप हिललाच. कायद्याच्या मुलाने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, साठवण खाली आणि मांडणी वर, ही कल्पना कोणाची?

कोणी उत्तर दिलं नाही.

तो म्हणाला, जे आधीपासून सगळ्यांसमोर वापरात आहे त्यावर पेटंट मिळत नाही, परंपरेने चालत आलेल्या ज्ञानावर तर कायद्यात कलम ३(पी) स्पष्टच आहे. सरकतं दार, उतार, नळी यांचं फार तर काही होईल. पण मुख्य गोष्ट त्या बायकांची आहे. खोलीत दोन तास चर्चा झाली. मला मत विचारलं, मी दिलं नाही, कारण माझ्या मताने ते ठरू नये असं मला वाटत होतं. अखेर ठरलं, की अर्ज करायचा नाही, मापं आणि आकृत्या ज्याला हव्यात त्याला द्यायच्या, आणि पोस्टरवर संशोधकांच्या यादीत आत्यांचं नाव घालायचं, त्यांना विचारून. त्यांनी विचारलं, "नाव घातलं तर कुणी पैसे मागायला येणार नाही ना?" नाही म्हटल्यावर हो म्हणाल्या, आणि नाव नीट लिहा, माहेरचं नको, असंही सांगितलं.

पोस्टर आवारात लागलं त्या दिवशी त्या आल्या. मंगळवार होता, बाजाराला कमी गर्दी. नऊवारी, अंबाड्यात अबोली. पोस्टरपाशी त्या थोडंच थांबल्या. शेजारच्या टेबलावर दुसरा नमुना ठेवला होता, त्याच्याभोवती एक फेरी मारली, खाली बसल्या, जशा बाजारात बसतात तशा. डावा हात पुढे केला, मग उजवा. मेकॅनिकलचा मुलगा शेजारी उकिडवा बसला.

"नळी या बाजूला कशाला काढलीस?" त्यांनी विचारलं.

"उतार तिकडे आहे म्हणून."

"या बाजूला माझी विळी असते. साफ करायला बसले की कोपर लागणार, डबा सांडणार. मेल्या, पाच रविवार माझ्या डोळ्यांसमोर बसलास ना?"

तो काही बोलला नाही. परीक्षक दोन टेबलं सोडून पलीकडे आले होते. त्याने खिशातून पाना काढला, नळीची चकती सोडवली, पत्रा उलटा फिरवला आणि उतार दुसरीकडे गेला. जुन्या जागी मधोमध एक भोक राहिलं. समाजशास्त्राची मुलगी वही ठेवून त्याच्याशेजारी खाली बसली आणि तिने भोकावर अंगठा दाबून धरला. तो मान वर करून सगळ्यांकडे बघत म्हणाला, "एम-सील आहे का कोणाकडे?"

बी.कॉम.ची मुलगी खोलीच्या किल्लीसाठी धावली.